मंजूर मदतनिसाची हकीकत

सुज्ञ वाचकहो, एक कायदा, एक कंबर आणि एक मदतनीस या तिघांची हकीकत मी आपणांपुढे अत्यंत नम्रपणे सादर करीत आहे. तिला कोठेही पदरचे तिखटमीठ लावलेले नाही. वाचताना ज्यांना हसू येईल त्यांनी निःसंकोच हसावे. आम्हांला ते त्या त्या प्रसंगी आले नाही, एवढेच सुरुवातीस नमूद करून ठेवतो.

मी व्यवसायाने चौकटवाला आहे. लोकांची छायाचित्रे, पदव्या आणि मानपत्रे यांस काच व लाकडी पट्टी बसवून देणे हा माझा उद्योग. शाळा सातवीत सुटली. पुढील शिक्षण मानपत्रे वाचून झाले. मानपत्रात भाषा वाईट नसते आणि माणूसही वाईट नसतो. त्यामुळे छापील मजकुरावर विश्वास ठेवण्याची सवय मला लागली, व प्रस्तुत हकीकतीचे मूळ त्या सवयीत आहे.

माझे थोरले बंधू, ज्यांना सारी गल्ली दादा म्हणते, लहानपणीच्या एका तापापासून कमरेखाली हालचाल करू शकत नाहीत. मात्र कमरेच्या वर त्यांना जे लाभले आहे ते दोघांना पुरून उरावे असे आहे. खांदे पैलवानासारखे, जीभ वस्तऱ्यासारखी आणि आवाज तर असा की बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्याची नोकरी त्यांना त्या आवाजानेच मिळवून दिली. एकदा चाकांच्या खुर्चीत बसवले की दादा कोणाचेही मिंधे नसतात. स्वतः चाके फिरवीत ते स्थानक गाठतात. अट एकच. सकाळची गर्दी सुरू होण्याआधी त्यांनी ध्वनिक्षेपकासमोर हजर असले पाहिजे, कारण त्या जागेवर बसण्यासाठी स्थानकप्रमुखांचे मेहुणे घसा साफ करून तयारच आहेत.

दादांना खाटेवरून न्हाणीघरात आणि न्हाणीघरातून खुर्चीत उचलून ठेवण्याची कामगिरी वर्षानुवर्षे माझ्याकडे होती. एके सकाळी ती बजावीत असताना माझ्या कमरेत सुकी फळी मोडावी तसा आवाज झाला. मला पुढे जाता येईना, मागे येता येईना आणि दादांना खालीही ठेवता येईना. ते माझ्या हातांवर अधांतरी होते.

"काय रे, खाली ठेवतोस की भिंतीवर टांगतोस?" दादांनी विचारले.

डॉक्टरांनी मला वजन उचलण्यास कायमची मनाई केली. दादांचे वजन त्यांनी विचारले नाही, पण दादांकडे पाहून मान मात्र हलवली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. निवृत्तीमुळे त्यांची कचेरी सुटली, परंतु सल्ला सुटला नाही. मी पाठीवर पडलेला असताना ते माझ्या उशाशी येऊन बसले आणि म्हणाले, "कशाला कण्हताय? नवा कायदा झालाय. उठता-बसता न येणाऱ्या प्रत्येकाला सरकार मदतनीस देणार. हक्क आहे हक्क! कोणाच्या पाया पडायला नको."

"पाया पडायला मला वाकता येत नाही, काका," मी म्हणालो.

"म्हणूनच तर कायदा केलाय."

आमच्या हिने त्याच दिवशी अर्ज नेऊन दिला. यथावकाश खात्याचे तपासनीस गरज मोजण्यासाठी घरी आले. मी आतल्या खोलीत फळीवर पडलो होतो, त्यामुळे त्यांचे दर्शन झाले नाही, संभाषण मात्र ऐकू आले.

"स्वतः उठता येतं का?" त्यांनी दादांना विचारले.

"मनानं रोज उठतो, साहेब. पाय ऐकत नाहीत."

"अंशतः येतं," असे तपासनीस मोठ्याने म्हणत लिहू लागले. "आंघोळ?"

"पाण्यापाशी पोचलो तर करतो. पाणी माझ्यापाशी येत नाही."

"अंशतः."

"लिहा, लिहा. जन्माला मात्र मी पूर्ण आलो होतो, तेवढं टिपून ठेवा."

दादांच्या जिभेचा काही परिणाम न होता आदेश आला. जाड कागद, खाली गोल शिक्का, आणि मधोमध ठळक अक्षरांत मजकूर: आपणांस दररोज सकाळी एक मदतनीस पुरविण्यात येत आहे. वाचकहो, माझ्या डोळ्यांत पाणी आले. इतके देखणे कागद माझ्या दुकानात नेहमी दुसऱ्यांचे येतात. मी कण्हत कण्हत उठलो आणि घरातली शेवटची सोनेरी पट्टी काढून त्या आदेशाची चौकट केली. आमच्या धंद्यात चित्राभोवती जाड पांढऱ्या कागदाची किनार ठेवतात, तिला माउंट म्हणतात. मी चारही बाजूंनी चांगले रुंद माउंट कापले. मजकूर खुलून दिसू लागला. गल्लीतील मंडळी बूट काढून आत आली, आदेश वाचून गेली. इस्त्रीवाल्याने तर आपल्या आईसाठी तसाच एक कोठे मिळेल अशी चौकशी केली.

मदतनीस तेवढा आला नाही. पहिल्या दिवशी आम्हांला वाटले, पत्ता सापडला नसेल. नंतर वाटले, आजारी असेल. ही रोज सकाळी एक चहा जास्तीचा करीत असे आणि तो हेडक्लार्ककाका पीत असत.

शेवटी ती चौकट काखेत धरून मी खात्याच्या कार्यालयात गेलो. हे कार्यालय बसस्थानकाला लागूनच आहे. तेथे दादांचा आवाज भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू येतो, परंतु कार्यालयातील कोणी तो ऐकून उठत नाही. खिडकीतल्या बाईंनी चौकटीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "छान केलीय. आता काढा."

"का म्हणून?"

"खालची ओळ झाकलीय तुम्ही."

मी काच काढली, माउंट उचलले. माझ्या स्वतःच्या हाताने कापलेल्या त्या सुंदर किनारीखाली बारीक अक्षरांची एक ओळ निजली होती: उपलब्ध साधनसामग्रीच्या मर्यादेत.

"म्हणजे मदतनीस नाही?" मी विचारले.

"असं कसं बोलता? मंजूर आहे."

"मग कुठे आहे?"

"उपलब्ध नाही."

"मंजूर आहे, पण नाही?"

"अहो, तुमचा हक्क शंभर टक्के आहे. हक्कात आम्ही काडीची कपात केलेली नाही. फक्त माणूस नाही."

"कायदा केला तेव्हा माणसे नेमली नाहीत?"

"कायदा छापायला, वाटायला, त्याचं उद्घाटन करायला माणसं लागली ना. त्यातच संपली." बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. माझा पडलेला चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "उचलायचं यंत्र मात्र आहे. गोदामात. झोळीत बसवायचं, दांडा फिरवायचा, माणूस अलगद वर. नवं कोरं आहे, अजून प्लास्टिकसुद्धा काढलं नाही."

"मग तेच द्या! दांडा मी फिरवीन. दांडा फिरवायला कंबर लागत नाही."

"घरच्यांना देत नाही. यंत्र फक्त मदतनिसाच्या ताब्यात द्यायचं असतं. आणि मदतनीस..." बाईंनी वाक्य पुरे केले नाही. त्या ओळीसारखेच तेही झाकून ठेवले.

घरी आल्यावर मी सर्व वृत्तांत सांगितला. दादांनी तो ऐकून घेतला. मग आपल्या घोषणेच्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. आपली गाडी मंजूर झालेली आहे. प्रवाशांनी तिच्यात मनाने बसून घ्यावे."

दरम्यान दादांना रोज उठवणे तर भाग होते, आणि मिळेल त्या वाटसरूला हाक मारून किती दिवस भागणार? हेडक्लार्ककाकांनी चादरीची युक्ती सुचवली. चादरीच्या चार कोपऱ्यांना चार जण, मध्ये दादा, आणि एका तालात सर्वांनी उचलायचे. मी वजन उचलू शकत नसल्याने मार्गदर्शन करण्याचे ठरले. एका बाजूला काका व ही, दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाला आणि त्याची बायको. काका म्हणाले, "एक, दोन, तीन म्हणतो." ते दोनवरच उचलू लागले, कारण कचेरीत त्यांना सर्वांच्या आधी उठण्याची सवय होती. इस्त्रीवाला तीनची वाट पाहत उभा. चादर घसरगुंडीसारखी कलली. दादा सरळ इस्त्रीवाल्याच्या पोटावर गेले, इस्त्रीवाला पाण्याच्या पिंपावर गेला, आणि पिंप कोठे गेले हे सांगण्याची गरज नाही, कारण ते दाराखालून गेलेल्या पाण्याने साऱ्या शेजाऱ्यांना समजले.

"मार्गदर्शन उत्तम होतं," ओल्या जमिनीवरून दादा मला म्हणाले.

त्या दिवशी दादांना उशीर झाला. मेहुण्यांनी ध्वनिक्षेपक ताब्यात घेतला आणि लग्नाला निघालेली नवऱ्याकडची मंडळी त्यांनी आत्मविश्वासाने भलत्याच दिशेच्या गाडीत बसवून दिली. मुलीकडच्यांनी आरोळ्या ठोकल्या. तरीही स्थानकप्रमुखांनी दादांनाच बोलावून बजावले, "पुन्हा असं झालं तर चाकांची खुर्ची तुमची, पण माइकसमोरची जागा मेहुण्याची."

दादा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. हिने जेवायला बोलावले तर म्हणाले, "वहिनी, भूक नाही." आमच्या लग्नापासून मी हे वाक्य दादांच्या तोंडून ऐकले नव्हते. त्यांचा विनोद मला रोज टोचतो, पण त्या दिवशी तो नसणे अधिक टोचले.

काका मात्र डगमगले नव्हते. चादरीच्या अपयशाचा दोष त्यांनी इस्त्रीवाल्याच्या अंकगणितावर टाकला आणि मला म्हणाले, "साधनसामग्री नाही म्हणतात ना? मग तुम्हीच व्हा साधनसामग्री. कायद्यात स्वयंसेवी मदतनिसाचं कलम आहे. कुणीही नाव नोंदवू शकतं. तुम्ही मदतनीस झालात की खात्याकडे मदतनीस उपलब्ध. मदतनीस उपलब्ध की यंत्र तुमच्या ताब्यात. यंत्र आलं की दादा हवेत. आहे काय नि नाही काय!"

युक्ती इतकी स्वच्छ होती की मला तिच्यात खोट दिसली नाही. मी दुसऱ्या खिडकीवर गेलो. तेथील बाईंनी विचारले, "धडधाकट आहात ना? वाकून दाखवा."

पहिल्या खिडकीवर, दादांच्या अर्जाबरोबर, माझी कंबर मोडल्याचा दाखला होता. दुसऱ्या खिडकीवर ती शाबूत असल्याचा हवा होता. दोन खिडक्यांच्या मध्ये एक वीटभर भिंत होती. मी देवाचे नाव घेतले आणि वाकलो. नियमात वाकण्याची अट होती, पुन्हा सरळ होण्याची नव्हती. बाईंनी शिक्का मारला तेव्हा मी त्यांच्या टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून होतो.

अशा रीतीने मी साधनसामग्री झालो. मला सांगण्यास अभिमान वाटतो की गळ्यात अडकवण्याचे छायाचित्राचे कार्डही मिळाले. यंत्र हातगाडीवर चढवता चढवता मी सहज म्हणालो, "घर जवळच आहे, आमच्या गल्लीत."

"तुमच्या गल्लीत कशाला?" बाई म्हणाल्या. "रांगेत पहिलं नाव गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गायनबाईंचं आहे. उद्या सकाळपासून तिकडे. तुमच्या भावाचा नंबर आला की त्यांना दुसरा मदतनीस मिळेल. अर्थात..."

"माहीत आहे," मी म्हणालो. अर्थातच्या पुढचे मला आता पाठ झाले होते.

गायनबाई म्हणजे संगीत शिकवून निवृत्त झालेल्या एक वृद्ध बाई. दृष्टी पूर्ण गेलेली, पाय मात्र ठणठणीत. माझ्याआधी जिना चढून वर पोचतील अशा. त्यांच्या बैठकीच्या खोलीत मी ते माणूस उचलण्याचे यंत्र जोडून उभे केले. त्यांनी हात फिरवून पाहिले.

"हे काय आहे रे?"

"आपणांस उचलण्यासाठी आहे, बाई."

"मला? कुठे ठेवणार आहेस उचलून? अरे, मी अर्ज केला होता वाचून दाखवायला कुणी मिळावं म्हणून."

तेव्हा सकाळी माझे दादा घरी फाटत आलेल्या चादरीत लोंबकळत कशीबशी वेळ गाठीत असत आणि मी गावाच्या दुसऱ्या टोकाला गायनबाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. यंत्रावर बाईंचे धुणे वाळत असे. एके दिवशी मी एकच बातमी दोनदा वाचली. बाईंनी कारण विचारले, मी सर्व सांगितले. आंधळ्या माणसाला रागावताना पाहिले आहे काय? ते समोरच्या माणसाकडे नव्हे तर थेट जगाकडे पाहून रागावतात.

"उचल ते धूड आणि घरी ने," त्या म्हणाल्या. "मला संध्याकाळी येऊन वाच. सकाळची बातमी संध्याकाळपर्यंत काही सुधारत नाही. कोणी विचारलं तर सांगीन, पहाटेच येतो बिचारा."

ते यंत्र घरी आले आणि आमच्या घराचा नूर पालटला. झोळीत बसून दादा अलगद वर जात, खोली ओलांडत आणि न्हाणीघरात उतरत. मी दोन बोटांनी दांडा फिरवीत असे. दादा पुन्हा जेवू लागले, पुन्हा बोचरे बोलू लागले, पुन्हा वेळेच्या आधी जाऊ लागले. मेहुण्यांना म्हणे खोकला झाला.

आणि एके सकाळी दादा झोळीत, जमिनीपासून चांगले उंच असताना, दार लोटून तपासनीस आत आले. दादांची गरज अजून शिल्लक आहे की नाही, हे पाहण्यास ते आले होते.

"हे कोण?" माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारले.

घरच्या माणसाने उचललेले दिसले तर गरज रद्द, हे आम्हां सर्वांस ठाऊक होते. मी गळ्यातले कार्ड पुढे केले. दादांनी वरून उत्तर दिले, "खात्याचे मदतनीस. फार सज्जन माणूस."

"तुमचे भाऊ होते ना एक? अर्जात आहे."

"आहे की. आळशी. लोळत पडला असेल कुठे तरी. नुसता पुस्तकी बोलतो, कामाच्या नावानं शून्य."

तपासनीस माझ्याकडे वळले. "तुम्ही पाहिलंय त्यांच्या भावाला? कसा आहे?"

वाचकहो, अशी परीक्षा कोणावर येऊ नये. "त्यांच्याविषयी," मी मान ताठ ठेवून म्हणालो, "मी तरी चांगलेच ऐकले आहे."

तपासनीस लिहू लागले. सर्व सुखरूप पार पडत होते. इतक्यात स्वयंपाकघरातून आमची ही, आत कोण आले आहे याची कल्पना नसलेली, कडाडली, "ओला पंचा पुन्हा गादीवर? जीभ झिजली माझी सांगून सांगून! आणि दुकानाची किल्ली पिठाच्या डब्यात कोणी टाकली? डोकं जाग्यावर आहे की त्याचीही चौकट करून टांगलीत?"

मी सवयीने म्हणालो, "हो, उचलतो, उचलतो."

तपासनिसांनी पेनाचे टोपण लावले. "खात्याच्या माणसावर इतक्या हक्कानं कोणी ओरडत नाही," ते म्हणाले. "वहिनी, जरा बाहेर या. हे तुमचे मिस्टर काय?"

ही लाटणे घेऊन बाहेर आली. "मग कोणाचे असणार? दुसरं कोण ठेवून घेईल?"

खेळ संपला. तपासनिसांनी यंत्रावरचा क्रमांक टिपला आणि यंत्र या क्षणापासून जप्त झाल्याचे जाहीर केले. आता त्याचा वापर बेकायदेशीर होता. मी दांड्याला हात लावताच ते ओरडले, "हात लावू नका!"

"मग मी इथेच राहू?" दादा वरून म्हणाले. "हरकत नाही. पण मग खाली दिवा लावा, लोक झुंबर समजून येतील."

आरडाओरडा ऐकून हेडक्लार्ककाका खाली आले. सर्व बाजू ऐकून घेऊन त्यांनी निवाडा दिला की उतरवणे म्हणजे वापर नव्हे, वापराचा शेवट होय. तपासनिसांनी विचार केला आणि दादांना चाकांच्या खुर्चीत उतरण्याची परवानगी दिली. यंत्र हातगाडीवर चढून निघून गेले.

सुनावणी त्याच दिवशी खात्याच्या तळमजल्यावरील प्रतीक्षागृहात झाली. दादा स्थानकावरील काम उरकून खुर्ची ढकलीत स्वतःच आले. मोठे साहेब गोड बोलणारे होते. गोड बोलणाऱ्या साहेबाचा निर्णय आधीच झालेला असतो, हे मला तोवर माहीत नव्हते.

"तुमच्या घरी उचलणारा माणूस आहे, हे खात्याच्या नजरेनं सिद्ध झालंय," ते म्हणाले. "तेव्हा गरज शिल्लक नाही. मंजुरी रद्द."

"साहेब, माझी कंबर! दाखला आहे पहिल्या खिडकीवर."

"दुसऱ्या खिडकीवर तुम्ही वाकून दाखवलंय. खातं दोन्ही खिडक्यांवर विश्वास ठेवू शकत नाही ना? ज्या दाखल्यानं खर्च वाचतो त्यावर ठेवतं."

"यंत्र तरी द्या. ते कोणी वापरत नाही."

"म्हणूनच चांगल्या स्थितीत आहे. आणि हे बघा, तुमच्याबद्दल मला सहानुभूती आहे. सहानुभूतीला मर्यादा नाही. अपील करा. वर्षा-दोन वर्षांत लागेल निकाल."

दादांचे ऐकणे थांबले होते. ते समोरच्या भिंतीवरील पाटी वाचीत होते. मग त्यांनी ती मोठ्याने, फलाटावरच्या आवाजात वाचली. "ज्यांचे अपील प्रलंबित आहे त्यांनी निकाल लागेपर्यंत येथे थांबावे." त्यांनी साहेबांकडे पाहिले. "मी अपील करतो. आणि थांबतो."

"अहो, तसा अर्थ नाही त्याचा."

"काय असायचा तो असो. मी छापील वाचतो. आमच्या घरात छापलेल्यावर फार श्रद्धा आहे."

साहेब हसले. कंटाळून जाईल, असे त्यांना वाटले असावे. कार्यालय सुटले. मी परोपरीने विनवले. दादा खांद्यांच्या जोरावर खुर्चीतून लांब बाकावर घसरले, अंग टाकले आणि म्हणाले, "तू घरी जा. पाठ टेक जरा. घरी तरी उद्या मला कोण उठवणार होतं? न उठता पडायचंच, तर मग इथे पडलेलं काय वाईट? निदान यांना रोज दिसेन तरी."

मी घरी जाऊन हिला सांगितले. हिने जेवणाचा डबा आणि पांघरूण आणून दिले आणि पदर तोंडाला लावून ती बाहेर गेली. उद्या ध्वनिक्षेपकावर मेहुणे बसणार आणि परवापासून कायमचे बसणार, हे आम्हां तिघांनाही कळत होते.

सकाळी मी, ही, इस्त्रीवाला आणि हेडक्लार्ककाका, नवी चादर घेऊन, धावतच निघालो. माझे धावणे म्हणजे तिरके चालणे. बसस्थानकाच्या वळणावर आलो आणि आमचे पाय थबकले. हवेत आवाज घुमत होता. खणखणीत, स्वच्छ, एकेक अक्षर घासून पुसून ठेवल्यासारखे. "पहिल्या फलाटावरील प्रवाशांनी घाई करू नये. गाडी आहे, चालकही आहे. निघत आहोत."

ही रस्त्यातच खाली बसली.

खात्याच्या फाटकापाशी मुख्य शिपाई ओल्या बाह्या पिळीत उभा होता. मी त्याचा हात धरला. "माझे दादा... त्यांना कोणी उठवले?"

"आम्ही. चौघांनी. साहेब यायच्या आत आवार मोकळं करायचा हुकूम असतो. कुणी झोपलेला सापडला की हाकलायचा."

"पण या ओल्या बाह्या? हाकलण्याआधी आंघोळ घातलीत की काय?"

"मग? पारोशा अवस्थेत हाकलला तर रस्त्यावरचे लोक काय म्हणतील? खात्यानं अपंग माणसाला कसाही बाहेर टाकला म्हणतील. म्हणून आधी आंघोळ घातली, कपडे चढवले, भांग पाडला, खुर्चीत नीट बसवला, आणि मग हाकलला. उचलायला ते गोदामातलं यंत्र घेतलं. बरं आहे हो ते."

"तुम्ही चौघे कोठे असता एरवी?"

"गोदामात. यंत्रांवरची धूळ पुसतो."

"मग हेच काम मदतनीस म्हणून..."

"छे, ते कलम निराळं," मुख्य शिपाई समजुतीने म्हणाला. "मदतीच्या कलमात मर्यादा आहे. हाकलायच्या कलमात मर्यादा नाही. चार माणसं लागोत, दहा लागोत, त्याला कुणी विचारत नाही."

वाचकहो, त्या दिवसापासून दादा रोज संध्याकाळी अपिलाच्या निकालासाठी प्रतीक्षागृहात थांबतात आणि रोज सकाळी खाते त्यांची स्वच्छ, नीटनेटकी, वेळेवर हकालपट्टी करते. एकदाही उशीर झालेला नाही. आवार इतक्या तत्परतेने मोकळे होते म्हणून साहेबांनी मुख्य शिपायाचे जाहीर कौतुक केले आणि त्या कौतुकाचे पत्र चौकटीत बसवण्यास माझ्याकडेच आले. मी माउंट अरुंद कापले.

मात्र घरातील दादांची खाट आठवडाभर रिकामी असते. ही अजूनही ती रोज झाडते. सुटीच्या दिवशी कार्यालय बंद, म्हणजे हकालपट्टीही बंद, तेव्हा दादा घरी असतात आणि दुपारपर्यंत लोळत आम्हां सर्वांचा उद्धार करतात, आणि संध्याकाळी, उशिराची भीती नसल्याने, चादर सावकाश धरून आम्ही त्यांना परत बाकावर पोचवतो. तो दिवस आमच्या घरात सर्वांत आनंदाचा असतो. आपल्या माणसाला घरात ठेवायचे तर त्याची नोकरी जाते, आणि नोकरी ठेवायची तर त्याने परक्या बाकावर झोपायचे, एवढी निवड कायद्याने आम्हांला दिलेली आहे, आणि ती मात्र भरपूर प्रमाणात उपलब्ध आहे.

परवा हेडक्लार्ककाका आनंदाने सांगत आले की दादांचे अपील पुढे सरकले असून आपल्या बाजूने निकाल लागण्याची बरीच शक्यता आहे. आम्हां सर्वांचे चेहरे पांढरे पडले. निकाल आपल्या बाजूने लागला तर मदतनीस पुन्हा मंजूर होईल, आणि विरुद्ध लागला तर प्रतीक्षागृहात थांबण्याचा हक्क जाईल. म्हणून आम्ही घरातील सर्व जण दिवा लावताना आता हात जोडून एकच मागणे मागतो, की निकाल आमच्या बाजूने लागू नये, आमच्या विरुद्धही लागू नये, तो लागूच नये.

इतका वेळ देऊन आपण ही हकीकत वाचलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. आपल्या घरीही जर कोठे एखादा मंजुरीचा कागद चौकटीत लावलेला असेल तर एकदा काच काढून पाहावा, ही नम्र विनंती.

आपला कृपाभिलाषी,
गल्लीतला चौकटवाला
(दादांचा धाकटा भाऊ, खात्याच्या दप्तरी साधनसामग्री)